म्युनिकचा रविवार

नोकरीनिमित्त म्युनिकला बिऱ्हाड हलवले, की पहिला धक्का बसतो तो थंडीचा नव्हे, रविवारचा. स्थानकातली काही सोडली तर दुकाने बंद. शनिवारी दूध आणायचे राहिले, तर चहा कोरा! इडलीचे वाटण करायला मिक्सर लावावा, तर खालच्या आजी दारात उभ्या. १९१९च्या वायमार राज्यघटनेतले रविवारच्या विश्रांतीचे कलम १९४९च्या घटनेनेही कायम ठेवले आहे. आपल्याकडे रविवारी घरातल्या बाईला दुप्पट रांधावे लागते. तिथे बहुतेक दुकानांतल्या विक्रेतीलाही हक्काची सुट्टी. एवढे तरी आपण उचलावेच. पण त्या शांततेत भाजीवाल्याची आरोळी नाही, शेजारच्या कुकरची शिट्टी नाही. दुपारी फोन केला, की इकडून आई पहिल्यांदा विचारते, ‘‘एवढे शांत कसे गं? घरात कोणी नाही का?’’