म्हशीचा ढेकर, संघाची वकिली

हैदराबादेत अंबरपेठच्या खालच्या अंगाला मुसीच्या काठानं वर्षानुवर्षं पॅरा गवत पिकत आलं आहे. शहराच्या सांडपाण्यावर वाढलेल्या या गवताच्या पेंढ्या म्हशींच्या तबेल्यांत जातात आणि दूध पहाटेच्या चहात. या म्हशीसाठी कुठलं जंगल तुटलेलं नाही. तरी रवंथ करताना ती ढेकर देते, त्यातून मिथेन बाहेर पडतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट तापवतो.

2021 मध्ये ग्लासगोला शंभरावर देशांनी 2030 पर्यंत मिथेन 30 टक्क्यांनी घटवण्याचं वचन दिलं. भारत बाहेर राहिला. कारण सांगितलं ते लहान शेतकऱ्याच्या पोटापाण्याचं, आणि ते खोटं नाही. 2019 च्या पशुगणनेत गाई-म्हशी मिळून 30 कोटींवर भरल्या; त्यांतल्या बहुतेक दोन-चार जनावरांच्या गोठ्यांतल्या. ज्या घरात जमीन नाही, तिथे डेअरीचे पैसे हीच हातात पडणारी रोकड.

पण या शेतकऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारेही आहेत. 2021 मध्येच प्राणिहक्कवाल्या 'पेटा'नं अमूलला वनस्पतिजन्य दुधाकडे वळायला सुचवलं, तेव्हा 10 कोटी दूध उत्पादकांनी जायचं कुठे, असा उलट सवाल अमूलकडून आला. पुढे अन्नसुरक्षा प्राधिकरणानं सोया-बदामाच्या पेयांना 'दूध' म्हणायला हरकत घेतली. दूध संघांना तेच हवं होतं. डब्यावरचा शब्द पुसून भाकड म्हैस पोसणाऱ्याच्या पदरात काय पडलं, हे मात्र कुणी सांगत नाही.

तरी आपल्या संघांना हवामान-नियमांविरुद्ध वकिली करणाऱ्या अमेरिकेतल्या मांस कंपन्यांच्या पंगतीला बसवणं अन्यायाचं. इथे सभासद शेतकरीच आहे. आणि दबावगट असला की वाट एकच असते, असंही नाही. न्यूझीलंडनं 2024 मध्ये शेतीला उत्सर्जन-व्यापार योजनेतून वगळलं. डेन्मार्कनं त्याच वर्षी शेतकरी संघटनेला चर्चेत बसवून जनावरांच्या उत्सर्जनावर 2030 पासूनचा कर ठरवला. दबावगट दोन्हीकडे होते.

दोन म्हशींवर कर बसवा, असं कुणी शहाणा म्हणणार नाही. लिटरमागे मिथेन किती, हे मोजायला सुरुवात मात्र करता येईल. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेचं 'हरित धारा' हे खाद्य-पूरक मिथेन 17 ते 20 टक्क्यांनी घटवतं, असं संस्था सांगते. पशुखाद्याचे कारखाने बऱ्याच संघांचे स्वतःचेच आहेत. ते पूरक तिथे मिसळावं, आणि त्याचा खर्च खरेदी दरातून कापू नये.