वारा कोणासाठी?

रिसोड तालुक्यातील रिठद हे गाव वाशीम-रिसोड मार्गावर आहे. पावसाळा सरताना अशा मार्गाच्या कडेला दोन प्रकारची वाळवणे पाहावयास मिळतात. पहिले वाळवण डांबरावर पसरलेल्या सोयाबीनचे. घरातील बायामाणसे ते पायाने वरखाली करतात, आभाळाकडे पाहतात आणि ट्रक आला की बाजूला होतात. दुसरे वाळवण वॉशिंग सेंटरवर नुकत्याच धुतलेल्या मोटारीचे. तिला उन्हाची वाट पाहावी लागत नाही. विजेचा ब्लोअर सुरू होतो, आरशांच्या खाचांतून, दरवाजांच्या फटींतून, चाकांच्या जाळीतून पाणी उडून जाते आणि काही मिनिटांत मोटार कोरडी होऊन मार्गस्थ होते. एकाच रस्त्यावरील या दोन दृश्यांत आपल्या अर्थव्यवस्थेचे सारे तर्कशास्त्र उघडे पडलेले आहे.

ब्लोअरच्या बाजूने जे सांगितले जाते ते खोटे नाही. काळ्या पाषाणातील विंधन विहिरीचे पाणी बहुधा जड असते. ते रंगावर सुकले की क्षारांचे पांढरे डाग मागे राहतात. फडक्याने पुसावे तर उरलेली धूळ रंगावर घासली जाऊन ओरखडे उठतात. वाऱ्याचा झोत मात्र रंगाला न शिवता पाणी ढकलून देतो. समाजवाद्याने या यंत्रावर राग धरण्याचे कारण नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी छोट्या यंत्राचा पुरस्कार केला तो कष्टकऱ्याचा भार हलका व्हावा आणि यंत्राची मालकी मूठभरांच्या हाती साठू नये म्हणून. तेव्हा प्रश्न यंत्राचा नाही. ते कोणाच्या दारी प्रथम पोहोचते आणि का, हा आहे.

सोयाबीन हे वाशीम जिल्ह्याचे प्रमुख पीक. ते काढणीस येते नेमके परतीच्या पावसाच्या तोंडावर. हमीभावाने खरेदी व्हावयाची तर दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या वर असता कामा नये. १८ टक्के ओलाव्याचे एक क्विंटल सोयाबीन या मर्यादेत आणावयाचे म्हणजे त्यातून सुमारे ७ किलो पाणी काढावे लागते. या सात किलो पाण्यावर शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब अडतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव जाहीर झाला ५३२८ रुपये. परंतु माल ओला म्हणून खरेदी केंद्रावरून परत फिरलेला शेतकरी व्यापाऱ्याच्या दारी जातो आणि तेथे ओलाव्याच्या नावाने आणखी कपात सोसतो. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. पण गोदामात ठेवावयाचा मालही कोरडाच असावा लागतो. म्हणजे ज्याला वाळवता येत नाही त्याला थांबताही येत नाही. २०२४ साली केंद्र सरकारने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, ती नोव्हेंबरच्या मध्यास, विधानसभेच्या मतदानाला आठवडाही उरलेला नसताना आणि तेवढ्या हंगामापुरती. गरजू शेतकऱ्याचा माल तोवर बाजारात जाऊन पडलेला होता.

यावर ठरलेला आक्षेप येतो: मोटारवाला स्वतःच्या खिशातून पैसे मोजतो, त्यात कोणाचे काय गेले? गेले ते असे. बाजार गरज ओळखत नाही, तो क्रयशक्ती ओळखतो. मोटारवाल्याची हौस बारमाही आणि रोखीची, म्हणून तिच्यासाठी भांडवल आपोआप धावून येते. शेतकऱ्याची गरज वर्षातून काही आठवड्यांची आणि तीही हात रिकामा असतानाची, म्हणून तिच्याकडे कोणी फिरकत नाही. गालब्रेथ यांनी १९५८ साली अमेरिकेच्या श्रीमंत समाजावर हेच बोट ठेवले होते: खाजगी वैभव वाढत जाते आणि सार्वजनिक सोयी कंगाल राहतात. तेथे निदान वैभव तरी सार्वत्रिक होऊ पाहत होते. येथे, ज्या जिल्ह्याला नीती आयोगाने २०१८ साली मागास न म्हणता ‘आकांक्षित’ म्हटले, तेथे कोणाच्या आकांक्षा पुऱ्या होतात हे रस्त्यावरच दिसते.

रोजगाराचेही गोडवे गायले जातात. परंतु तो ब्लोअर हाती धरणारा पोरगा शेतकऱ्याचा वा शेतमजुराचाच असतो. दिवसभर ओल्या पायांनी उभे राहावयाचे आणि यंत्राचा कर्कश आवाज उघड्या कानांनी सोसावयाचा. दोन-तीन माणसांच्या अशा जागी कारखान्यांचे कायदे पोहोचत नाहीत. बापाचे पीक ओले म्हणून मातीमोल आणि मुलाची मजुरी परक्याची मोटार कोरडी करण्याची, याला विकास म्हणणाऱ्यांच्या धैर्याचे कौतुकच केले पाहिजे.

मोटारीचा ब्लोअर उचलून सोयाबीनवर धरावा असे कोणी म्हणत नाही. धान्य वाळवण्याचे यंत्र निराळे. त्याला पाणी नुसते ढकलावयाचे नसते, मंद ऊबदार वाऱ्याने ते दाण्याच्या आतून बाहेर काढावयाचे असते. उष्णता फाजील झाली तर दाण्याचे साल तडकते आणि बियाणे उगवत नाही. पण पंखा, मोटर आणि उष्णता यांपलीकडे त्यात गूढ काही नाही. एका कुटुंबाला ते परवडणार नाही, आणि वर्षातील काही आठवड्यांसाठी परवडूही नये. म्हणूनच ते गावाच्या मालकीचे असले पाहिजे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी मोटारीवर दात-ओठ खाण्यात शक्ती दवडू नये. मागणी नेमकी असावी. प्रत्येक विविध कार्यकारी सेवा सोसायटीकडे किंवा बाजार समितीच्या उपबाजारात शासनाच्या खर्चाने वाळवण यंत्र, पत्र्याचे छप्पर असलेला खळा आणि सर्वांसमक्ष तपासलेले ओलावामापक यंत्र हवे. काढणीच्या दिवसांत त्यासाठी अखंड वीज हवी. आणि ही व्यवस्था उभी राहीपर्यंत ओलाव्याची सवलत निवडणुकीची खिरापत म्हणून नव्हे, तर हंगामाच्या आरंभी, हक्क म्हणून जाहीर झाली पाहिजे. ग्रामसभेत हा ठराव मांडण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.

मोटार ओली राहिली तर तिच्यावर डाग पडतो. सोयाबीन ओले राहिले तर एका घराचे वर्ष जाते. या दोहोंपैकी आधी काय वाळवावयाचे, हे ज्या व्यवस्थेला कळत नाही, ती व्यवस्थाच बदलली पाहिजे.