रहबामानेही सल्ला विचारला होता



मोठा निर्णय घेण्याआधी ख्रिस्ती माणसाने जाणत्यांचा सल्ला घ्यावा, हे आपण सगळेच मान्य करतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी ते मुलांना शिकवतेही. पण आपल्याकडे घडतं काय? मुलीचं लग्न ठरतं, हॉलचे पैसे भरले जातात, पत्रिका छापायला जाते, आणि मग आईवडील फादरांसमोर बसून विचारतात, "फादर, तुम्हाला काय वाटतं?" मुलाचा आखातातला व्हिसा हातात पडतो आणि मग तो भेटायला येतो. याला सल्ला घेणं म्हणत नाहीत. हा सहीशिक्का झाला. त्या वेळी बिचारे फादर तरी दुसरं काय बोलणार?

पहिल्या राजांच्या १२व्या अध्यायात शलमोनाचा मुलगा रहबाम भेटतो. शखेमात लोक त्याला म्हणाले, तुझ्या बापाने लादलेलं ओझं हलकं कर. त्याने तीन दिवसांची मुदत मागितली, आणि सल्लाही घेतला, हे आपण विसरतो. बापाच्या पदरी राहिलेल्या वडीलधाऱ्यांना त्याने विचारलं. त्यांनी सांगितलं, आज तू यांचा सेवक हो, मग हे कायमचे तुझे होतील. ते त्याला रुचलं नाही. म्हणून तो आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांकडे गेला आणि त्यांच्या सांगण्यावरून लोकांना आणखी कठोर उत्तर दिलं. दहा वंश तुटले. रथात बसून यरुशलेमला पळून जायची वेळ त्याच्यावर आली. न विचारण्याचा दोष त्याच्यावर ठेवता येत नाही. हवं ते उत्तर मिळेपर्यंत तो विचारत राहिला.

आपणही हेच करतो. एक फादर "थोडं थांबा" म्हणाले की शेजारच्या धर्मग्रामातल्या फादरांकडे जायचं. तिथेही जमलं नाही तर एखाद्या प्रार्थनासभेतल्या वक्त्याकडे.

अशा ठिकाणी हमखास ऐकू येणारं एक वाक्य असतं: "देवाने मला सांगितलंय, तू हेच कर." माझं मत विचाराल, तर तिथून नम्रपणे उठावं. संत इग्नाशियस लोयोला यांचं 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक १५४८ साली छापलं गेलं. त्यात मार्गदर्शकालाच ताकीद आहे की साधकाला एका बाजूला ओढू नये, तराजूच्या काट्यासारखं मध्ये राहावं आणि देवाला त्या जिवाशी थेट बोलू द्यावं. मन उदास आणि कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हाही त्यांचाच नियम. नवऱ्याशी भांडण झालं त्याच रात्री माहेरी कायमचं जायचं ठरवणाऱ्या आमच्या भगिनींना हा नियम कुणीतरी सांगायला हवा. (मारहाण होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी सुरक्षित जागा गाठावी, सल्ला नंतर.)

भक्तिभाव असला की सल्ला देता येतो, असंही नाही. आविलाच्या संत तेरेजा यांनी आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलं आहे की अर्धवट शिकलेल्या पापनिवेदकांनी त्यांचं नुकसान केलं. पुढे १९७० साली ज्यांना 'चर्चच्या आचार्य' म्हणून मान मिळाला, त्यांचा हा अनुभव!

आणि दरवेळी धर्मगुरूच हवेत असंही नाही. मोशेला सल्ला दिला तो सासरा इथ्रोने, आणि तो तर मिद्यानी. पण त्याने आधी जावयाचं दिवसभराचं काम डोळ्यांनी पाहिलं, मग तोंड उघडलं. आपल्या वाड्यातही अशी एखादी आजी किंवा कॉन्व्हेंटमधल्या वयस्क सिस्टर असतातच. फक्त ज्याचा त्या व्यवहारात स्वार्थ आहे, त्याला विचारू नये. जमिनीच्या दलालाला "जमीन विकू का?" असं विचारून काय मिळणार? बेन सिराच्या ३७व्या अध्यायात अशा माणसांची चांगली लांब यादी आहे, ती घरी वाचा.

आता उपवासकाळ आला की पापनिवेदनाला रांगा लागतील. पाठीमागे वीस माणसं उभी असताना तिथे जमिनीचा किंवा लग्नाचा प्रश्न काढू नका. रविवारच्या मिस्सानंतर दारातही नको. फोन करून आठवड्यातली एखादी संध्याकाळ मागून घ्या. जाताना सगळं सांगायच्या तयारीने जा. कर्ज असेल तर त्याचा आकडाही सांगा. बहुतेक वेळा नेमका तोच झाकला जातो.