पंख्याखालचा अंधार

'दिव्याखाली अंधार' ही म्हण आपण सगळ्यांनीच ऐकलीय. आमच्या घरात मात्र दोन वर्षं पंख्याखाली अंधार होता. आणि गंमत म्हणजे, तो आम्ही चांगले पैसे मोजून विकत आणला होता!

त्याचं असं झालं. साताऱ्यातलं आमचं घर जुनं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. जाड भिंती, वर काळपट तक्तपोशी आणि मधोमध माजघर. माजघराला बाहेर उघडणारी खिडकी नाही. उन्हाळ्यात छान गारवा असतो, पण भर दुपारीही दिव्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही. सासूबाईंचं सगळं आयुष्य या खोलीत गेलं. तांदूळ निवडणं, वाती वळणं, पोथी वाचणं, सगळं इथेच. "अगं, मला इथे नीट दिसत नाही," असं त्या अधूनमधून म्हणायच्या. "आई, वय झालं आता," असं आम्ही म्हणायचो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चष्मा बदलला, तरी तक्रार तीच.

शेवटी एका दिवाळीला आमच्या ह्यांनी हौसेनं दिवेवाला पंखा आणला. खाली काचेची तीन फुलं आणि त्यांत तीन छोटे दिवे. वाराही आणि उजेडही! दुकानाच्या झगमगाटात तो काय सुरेख दिसत होता! घरी मात्र जुन्या बोर्डावर पंख्याचं एकच बटण आणि एकच रेग्युलेटर. वायरमननं पंखा आणि दिवे एकाच वायरीवर जोडले आणि तो निघून गेला. म्हणजे पंखा बंद, तर दिवेही बंद. पंखा हळू केला, की दिवे लुकलुकणार. डिसेंबरच्या थंडीत तांदूळ निवडायचे, तर शाल गुंडाळून पंखा फुल्ल लावायचा आणि सुपातला कोंडा घरभर! आम्ही खूप हसलो. सासूबाई काही बोलल्या नाहीत. सूप उचलून उंबऱ्याशी जाऊन बसायला लागल्या.

पण रात्री उंबऱ्याशी बसून काय दिसणार? एका रात्री त्यांनी रात्रीच्या गोळीऐवजी सकाळची बीपीची गोळीच पुन्हा घेतली. त्या मंद पिवळ्या उजेडात दोन्ही पाकिटं सारखीच दिसली. पहाटे उठताना चक्कर येऊन पडल्या. नशिबानं हाड मोडलं नाही. दवाखान्यातून परतताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "मी विसरले नव्हते गं. मला दिसलं नव्हतं."

मैत्रिणींनो, ते वाक्य मला अजून टोचतं. दोन वर्षं आम्ही त्यांच्या वयाला बोल लावत होतो आणि दोष होता एका वायरीचा!

मग मी स्वतःच या विषयाच्या मागे लागले. मी आर्ट्सची पदवीधर, वॅट आणि व्होल्टशी माझा संबंध फक्त बिलापुरता. पण गोष्टी फार अवघड नाहीत. नव्या वायरमननं बोर्डापासून दिव्यांसाठी वेगळी वायर ओढली, वेगळं बटण दिलं. रेग्युलेटर फक्त पंख्याला राहिला. 'होल्डरवर ४० वॅट लिहिलंय, त्यापेक्षा मोठे दिवे चालणार नाहीत,' असं ह्यांचं म्हणणं होतं. वायरमननं समजावलं, की ती मर्यादा तापण्यासाठी असते. जुना ४० वॅटचा गोळा साधारण ४०० ल्युमेन उजेड देतो. ९ वॅटचा एलईडी त्याच्या दुप्पट देतो आणि मर्यादेच्या खूप आत राहतो. तेव्हा खोक्यावर वॅट नव्हे, ल्युमेन वाचायचे. फक्त काच सगळीकडून बंद नको, आतल्या गरमीनं एलईडी लवकर जातो. आमच्या फुलांची तोंडं खाली उघडी होती. दुधी काचांवर दोन वर्षांची धूळ होती, तीही पुसली. लाकडी तक्तपोशीवरून उजेड परत येत नाही, म्हणून भिंतींना पांढरा रंग दिला. मेन स्विच बंद केल्याशिवाय मात्र पंख्याला हात लावायचा नाही, आणि जुन्या घरात वायरिंग व अर्थिंग जाणकाराकडून तपासूनच घ्यायचं.

आणखी एक धडा स्वयंपाकघरात मिळाला. दिवा खोलीच्या मधोमध आणि ओटा भिंतीला. आपण ओट्याशी उभ्या राहिलो, की आपलीच सावली विळीवर! तिथे फळीखाली एक छोटी ट्यूब लावली, झालं काम.

खर्च कितीसा आला? त्या पंख्याच्या किमतीपेक्षा खूपच कमी. मग एवढी वर्षं का नाही झालं? कारण उजेडाचा विचार आपण बैठकीच्या खोलीपासून सुरू करतो. पाहुणे येतात, टीव्ही असतो, तिथे दोन ट्यूब. बाई जिथे दिवसभर राबते, तिथे उरलासुरला दिवा. बचत गटाच्या कामानिमित्त मी घरोघरी जाते. रात्री फॉल-पिको करणाऱ्या, राख्या चिकटवणाऱ्या बायका झिरोच्या बल्बखाली डोळे ताणताना दिसतात. "त्याला वीज लागत नाही," म्हणतात. अहो, तो जुना झिरोचा बल्बही १५ वॅटच्या आसपास खातो! ९ वॅटचा एलईडी त्याहून कमी.

"आमच्या सासवांनी चिमणीच्या उजेडात संसार केले," असं कुणी म्हणतं. केले खरे. पण त्यांना कुणी विचारलं होतं का? वय वाढतं तसा डोळ्याला जास्त उजेड लागतो आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला आपण सगळ्यात अंधारी खोली देतो, हे काही बरं नाही. म्हणून एक करा. आज संध्याकाळी तुमची सासू, आई किंवा तुम्ही स्वतः जिथे बसून काम करता, तिथे बसा आणि गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून पाहा. नाही वाचता आली, तर आधी दिव्याकडे बघा, मग माणसाकडे.

परवा सासूबाई माजघरात मी निवडलेली डाळ घेऊन बसल्या. पाच मिनिटांत चार खडे काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाल्या, "तुला चाळिशी लागलीय गं. डोळे तपासून घे!"