उशाशी बसणारी माणसे आपल्यातून हवीत

ज्या वृद्धेच्या उशाशी मी गेल्या हिवाळ्यात दर गुरुवारी दुपारी दोन ते चार या वेळेत बसत असे, तिने येथे अमेरिकेत पस्तीस वर्षांहून अधिक काळ काढला होता; येथील दुकानांत, शाळेच्या पालकसभांत आणि सरकारी कचेऱ्यांत लागेल तितके इंग्रजी ती निःसंकोच बोलत आली होती; परंतु स्मृतिभ्रंशाने तिच्यापाशी जे सर्वांत उशिरा आले होते तेच आधी हिरावून नेले, आणि त्यात ही भाषाही गेली. ती राहत होती त्या शुश्रूषागृहातील परिचारिका मायाळू होत्या, त्यांचा हात हलका होता, वेळच्या वेळी त्या तिची कूस बदलून देत. पण नोंदवहीत दिवसामागून दिवस एकच शेरा पडत होता, की रुग्ण बेचैन आहे, असंबद्ध बोलते आणि हातांनी पांघरूण सारखे चाचपते. मृत्यू समीप आला म्हणजे हातांची अशी चाळवाचाळव होते हे वैद्यकाला ठाऊक आहे, तेव्हा त्या शेऱ्यात गैर काही नव्हते. मात्र मी खुर्ची पुढे ओढून कान तिच्या ओठांशी नेला तेव्हा तो असंबद्ध म्हणून नोंदला गेलेला शब्द मला स्वच्छ ऐकू आला. "पदर," ती म्हणत होती, "पदर." अंगात मागून बंद बांधायचा रुग्णालयी झगा, खांद्यावर काही नाही, आणि खोलीत परक्या पुरुषांची ये-जा, जन्मभर साडीत वावरलेल्या त्या स्त्रीचे हात छातीवर जे शोधत होते ते तेथे नव्हते. मी माझी सुती ओढणी तिच्या दोन्ही खांद्यांवरून पांघरली आणि टोक तिच्या मुठीत दिले. मूठ मिटली, कपाळावरची आठी हळूहळू उलगडली, आणि चार वाजता मी उठले तेव्हा तिला शांत झोप लागली होती.

तिच्या मुलांच्या अनुमतीने आणि ओळख पटेल असे सारे गाळून ही हकिकत येथे लिहीत आहे. परंतु तिचा उत्तरार्धही लिहिला पाहिजे. दोन आठवड्यांनी तेच हात पुन्हा चाळवू लागले तेव्हा पदराने काही साधले नाही, औषधच द्यावे लागले, आणि ते योग्य वेळी दिले गेले. मातृभाषा कानी पडली की सर्व क्लेश निवतात असा माझा दावा नाही. माझे म्हणणे त्याहून मर्यादित, परंतु माझ्या मते निर्विवाद आहे: औषधाने शमणारी बेचैनी कोणती आणि पदराने शमणारी कोणती, हे ओळखण्यासाठी त्या खोलीत मराठी जाणणारे निदान एक माणूस असावे लागते; असे माणूस कोणतीही संस्था वेतन देऊन आपल्यासाठी आणून ठेवणार नाही; आणि म्हणून गणेशोत्सवाला शंभर हात उभे करणाऱ्या आपल्या मंडळाने हॉस्पिसचे स्वयंसेवक तयार करणे हे आपले नियमित कार्य मानले पाहिजे.

हॉस्पिस हा शब्द उच्चारताना आपल्या घरांतून आवाज खाली येतो, आणि 'डॉक्टरांनी हात टेकले' याहून निराळा अर्थ पुष्कळांच्या मनात नसतो, यास्तव या व्यवस्थेचे स्वरूप थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने १९८२ साली मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यात हिची तरतूद केली. आजार आपल्या स्वाभाविक गतीने गेला तर आयुष्य सहा महिन्यांहून अधिक नाही असा दाखला प्रारंभी दोन डॉक्टरांनी दिला, आणि रुग्णाने वा त्याच्या मुखत्याराने सही करून रोगनिवारणाचा मार्ग सोडून वेदनाशमनाचा मार्ग पत्करला, म्हणजे डॉक्टर, परिचारिका, अंग पुसून देणारी मदतनीस, समाजसेविका, धर्मोपदेशक, औषधे, खाट, प्राणवायूचे यंत्र हे सारे त्याच्याकडे चालत येते. कारण हॉस्पिस ही बहुधा इमारत नसतेच, रुग्ण जेथे राहतो तेथे, मग ते मुलाचे घर असो की शुश्रूषागृह, ती जाते. सहा महिने उलटले म्हणून कोणी नाव कमी करीत नाही: आधी ९० दिवसांच्या दोन मुदती, त्यानंतर फेरतपासणी करून ६० दिवसांच्या लागतील तितक्या; आणि मन पालटले तर कोणत्याही दिवशी लेखी कळवून बाहेर पडण्याची मुभा. या रुक्ष कलमांमध्ये एक कलम असे आहे की ते प्रथम वाचले तेव्हा मी पुन्हा वाचले. पगारी माणसांच्या रुग्णसेवेचे जितके तास भरतील त्यांच्या निदान ५ टक्के इतके तास स्वयंसेवकांनी भरले पाहिजेत. त्यात कचेरीतले कामही धरता येते हे खरे, तरी ज्याला वेतन नाही असे माणूस या सेवेत असणे ही कायद्याने शोभा मानलेली नाही, अट मानलेली आहे.

या अटीमागची भावना कोठून आली हे पाहू लागले की गोष्ट एका परदेशस्थाच्या मृत्युशय्येपाशी येऊन थांबते. १९४८ साली लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड टास्मा नावाचा, पोलंडमधून आलेला चाळिशीचा ज्यू निर्वासित कर्करोगाने अखेरच्या घटका मोजीत होता; आप्त म्हणावे असे जवळ कोणी नव्हते. आधी परिचारिका असलेल्या आणि त्या वेळी रुग्णालयात समाजसेविकेचे काम करणाऱ्या सिसिली सॉण्डर्स त्याच्यापाशी जाऊन बसत, आणि मरणाऱ्या माणसांसाठी निराळे घर असावे असे दोघांचे बोलणे होई. त्याने आपल्या मागे ५०० पौंड त्या घराच्या एका खिडकीसाठी ठेवले. सॉण्डर्स पुढे वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली, म्हणजे खिडकी हाती आल्यानंतर १९ वर्षांनी, सेंट ख्रिस्तोफर हे हॉस्पिस तिच्याभोवती उभे राहिले. आधुनिक हॉस्पिसची सर्व चळवळ जिच्यातून निघाली त्या संस्थेचा पहिला पैसा मायदेशाला पारख्या झालेल्या एका सामान्य माणसाच्या बिछान्यापासून आलेला आहे, ही गोष्ट आपल्यासारख्या देशांतर केलेल्यांनी विसरावी अशी नाही.

आणि ही कल्पना आपल्या मातीला परकी आहे असेही कोणी समजू नये. हॉस्पिस या शब्दाचा मूळ अर्थ वाटसरूंचे विश्रांतिस्थान, आपल्या भाषेत धर्मशाळा. आणि परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे गोरगरीब कर्करोगी दादरच्या ज्या धर्मशाळेत उतरतात ती गाडगे महाराजांच्या नावाची आहे. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्यालाच निघाले, आणि गोव्यात लोटली येथे त्याची शाखा आहे. केरळात तर १९९३ साली कोझिकोडला सुरू झालेल्या कार्यातून पुढे असे घडले, की दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी अशी साधी माणसे शिक्षण घेऊन आपल्याच गल्लीतल्या अंथरुणाला खिळलेल्यांकडे ठरल्या दिवशी जाऊ लागली. तेथील मलयाळी गृहिणी जे करते ते येथील मराठी गृहिणीला किंवा निवृत्त अभियंत्याला अशक्य का असावे, हे मला उमगत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हे काम घरच्यांचे. पोटची मुले असताना परक्याने उशाशी का बसावे? या प्रश्नाचे उत्तर मला युक्तिवादाने शोधावे लागले नाही. माझे वडील साताऱ्यास गेले त्या रात्री मी विमानात होते, धाकटा भाऊ दुसऱ्या खंडात होता, आणि त्यांचा हात हातात घेऊन पहाटेपर्यंत जे गृहस्थ बसले ते आमच्या नात्यातले नव्हते, जातीतलेही नव्हते; भिंतीपलीकडे राहत होते इतकेच. शेवटचे पाणी त्यांनीच पाजले. आपल्याकडे हा शिरस्ताच होता, म्हणून त्याला नाव नव्हते. येथे भिंतीपलीकडे कोण राहते हे ठाऊक नसते, म्हणून त्याला नाव द्यावे लागते, अर्ज भरावा लागतो. शिवाय ज्या घरी लेक किंवा सून सहा-सहा महिने रात्रंदिवस एका खोलीला बांधली गेली आहे, त्या घरी परका माणूस दोन तास बसला तर तिला केस धुता येतात, बाजारहाट करता येते, अंगणात जाऊन रडताही येते. ही सवड नातलगाकडून मिळत नाही. त्याच्यासमोर रडले तर त्याचीच समजूत घालावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि त्याला मी अधिक मान देते. आपला समाज लहान. मराठी स्वयंसेवक घरात आला की आईचे दुखणे, सुनेचे वागणे, इस्टेटीवरून झालेला शब्द, हे सारे पुढच्या कोजागरीला दहा घरी पोचेल, अशी भीती लोकांना वाटते, आणि ती निराधार नाही. माझ्या माहितीतील एका घराने केवळ याच भयाने मराठी माणूस नको म्हणून कळवले, आणि त्या घरचे आजोबा कोणाशी एक अक्षर न बोलता गेले. याला एकच इलाज आहे, तो म्हणजे कडक शिस्त. गोपनीयता पाळण्याचा कायदेशीर लेख प्रत्येक स्वयंसेवक लिहून देतोच. परंतु आपण त्याहून पुढे जावे: रुग्णाचे नाव नवऱ्यालाही सांगू नये, मंडळात त्या घरचे कोणी भेटले तर त्यांनी विषय काढल्याखेरीज आपण काढू नये, आणि ज्याच्याने हे होणार नाही त्याने या कामात पडू नये. तसेच डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये दुभाष्याचे कामही आपण अंगावर घेऊ नये. औषधाचे प्रमाण आणि संमतीची सही यांसाठी नेमलेले दुभाषे असतात, आणि हौशी भाषांतरातली एक चूक महागात पडते.

"आईला सांगू नका" ही विनंती तर मी इतक्या घरी ऐकली आहे की तिचा मला राग येत नाही, फक्त वाईट वाटते. सांगणे हे स्वयंसेवकाचे काम नव्हे, आणि मी कधी सांगितलेले नाही. परंतु न सांगताही आईला कळलेले असते, आणि घरातले सगळे खोटे हसत असल्यामुळे तिला मनातले बोलायला कोणी उरत नाही. अशा वेळी परक्या माणसापाशी ती बोलते. एकीने मला कुलदेवतेची राहिलेली ओटी सांगितली, दुसरीने चाळीस वर्षे अबोला धरलेल्या बहिणीचा फोन नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला, आणि तिचीच संमती घेऊन समाजसेविकेने तो फोन जुळवून दिला.

सर्वांत जास्त ओढाताण होते ती अन्नावरून. 'काही पोटात गेले नाही तर ताकद कशी येणार' या वाक्यात आपली सारी माया भरलेली असते, आणि मावळत्या शरीराला अन्न नको झालेले असते. बळेच भरवले तर घास श्वासनलिकेत जाण्याचे भय. एका घरी मुलगा भाताची पेज घेऊन वडिलांच्या मिटल्या ओठांशी चमचा धरून उभा होता. परिचारिकेने इंग्रजीत नीट समजावले, त्याने मान हलवली, आणि चमचा तेथेच राहिला. मग मी देव्हाऱ्याकडे पाहिले. तेथे काशीहून आणलेला, झाळून बंद केलेला गंगेचा तांब्याचा गडू होता. मी परिचारिकेला विचारले, तिने थेंबाथेंबाने ओठ ओले करण्यास हरकत नाही असे सांगितले. मुलाने पक्कडीने गडूचे तोंड उघडले, काडीला लावलेला स्पंजाचा बोळा त्यात बुडवला आणि वडिलांच्या ओठांवरून, मग जिभेवरून हलकेच फिरवला. पेजेची वाटी त्याने आपण होऊन खाली ठेवली. भरवणे थांबवले की आपण वडिलांना उपाशी मारतो असे त्याला वाटत होते. मुखी गंगा घालणे म्हणजे काय हे मात्र त्याला कोणी समजावून द्यावे लागले नाही.

आता केवळ मराठी रुग्णांसाठीच हे करावे काय? नाही, आणि प्रशिक्षण घेताना तशी अट कोणी घालूही नये. माझ्या रुग्णांपैकी बहुतेक येथलेच होते, आणि शेतकरी म्हणून हयात घालवलेल्या एका वृद्धाला मी महिनाभर फक्त हवामानाचा अंदाज वाचून दाखवत असे. ज्यांच्या गावात आपण घरे बांधली त्यांच्या मरणाकडे पाठ फिरवून आपली तेवढी माणसे निवडणे मला पटत नाही. परंतु १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर जी तरुण पिढी येथे आली ती आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहे, मागाहून मुलांकडे आलेले आईवडील त्यांच्याही पुढे आहेत, आणि त्यांच्यासाठी हाक येईल तेव्हा ओ देणारे कोणी यादीवर असावे इतकेच माझे मागणे आहे.

करावे लागते ते असे: संस्थेकडे अर्ज, पूर्ववृत्ताची खातरजमा, क्षयाची चाचणी, काही संध्याकाळचे प्रशिक्षण, आणि मग आठवड्यातून दोन-तीन तास. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर पुष्कळ संस्था वर्षभर थांबायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. इंजेक्शन, औषध, सल्ला यांतले काहीही आपल्याकडे नसते. कार्यकारिणीने येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, आणि तोवर ज्यांची इच्छा असेल त्यांनी कार्यवाहांकडे नावे द्यावीत; निदान चार नावे हवीत, कारण एकटे माणूस आजारी पडले किंवा मायदेशी गेले की खुर्ची रिकामी राहते. गुरुवारची दुपार माझ्याकडे आहे. शनिवारी आणि रविवारी, जेव्हा घरच्यांना आठवड्याची सगळी कामे उरकायची असतात, तेव्हा आज तेथे आपले कोणीच नसते.