नदीकाठचा ‘अस्पर्श’ निसर्ग

मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून होडीने फिरून आलेला प्रवासी आम्हांला मोठ्या कौतुकाने सांगतो की, आपण ‘अस्पर्श’ निसर्ग पाहिला. मगर दिसली, खंड्या दिसला, तिवरांची दाटी दिसली; मनुष्याचे नाव नाही! त्याच्या आनंदाविषयी आमची तक्रार नाही. त्या शब्दाविषयी मात्र आहे.

मनुष्याचा हात लागला नसता, तर हा काठ आज दिसतो तसा दिसलाच नसता. भरतीचे खारे पाणी अडविण्यासाठी गावकऱ्यांनी शतकानुशतके चिखलाचे बांध घातले आणि त्यांत मानशी बसविल्या. मानशीचे लाकडी दार भरतीच्या जोराने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. या बांधांआड खाजनात खारटपणा सोसणारा कोरगुट भात पिकतो, मानशीच्या तोंडाशी मासळी मिळते. ज्या मगरीला पाहून प्रवासी किंचाळतो, तिचीच मातीची प्रतिमा थापून जुवारीकाठच्या बोरी गावी पौष अमावास्येला पूजा होते. तिच्या शेजारात राहूनच या माणसांनी शेती केली. याला अस्पर्श म्हणावयाचे काय?

आता घरचे दुखणेही सांगितले पाहिजे. पूर्वी बांधांची राखण गावकरीकडे होती; १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघांकडे आली. कसणाऱ्याला मिळालेला हक्क न्याय्यच होता. परंतु मानशीवरील मासळीचा लिलाव घेणारा अधिक मासळीच्या लोभाने भलत्या वेळी दार उघडे ठेवतो, खारे पाणी शेतात शिरते, आणि संघ स्वस्थ बसतो, असे कित्येक गावी घडले आहे. हा दोष प्रवाशाचा नव्हे, आमचाच. मात्र निसर्ग आपोआप टिकतो असे जो प्रवाशाला शिकवितो, तो आमच्या या आळसाला छानदार नाव देतो. होडीच्या तिकिटातील एक पैसाही बांधाच्या चिखलापर्यंत का पोचू नये, हे त्याने आम्हांला सांगावे.

आणि या कालव्याच्या काठीच दर गुरुवारी बाणस्तारीचा बाजार भरतो. पावसापूर्वी तेथे पुरुमेताची बेगमी होते: सुके बांगडे, सुंगटे, मिरच्या, सोले, चिंच, मीठ. चतुर्थीच्या सुमारास सांत इस्तेव्ह, म्हणजे आमचे जुवे, या बेटावरचा सात शिरांचा भेंडा येतो. त्या बेटकरांना सारा गोवा ‘भेंडेकार’ म्हणून चिडवितो, तो उगाच नव्हे. नदीने काय दिले आणि माणसाने काय राखले, याचा हिशेब येथे टोपल्यांत मांडलेला असतो. तो न वाचता मगरी मोजून परतणाऱ्याने नदीकाठ पाहिला, असे आम्ही मानीत नाही.

बेळगावच्या एका पाहुण्यांना आम्ही प्रथम होडीत बसविले व मग बाजारात नेले. तोवर दुपार होत आली होती. भेंड्यांची रिकामी पाटी उपडी घालून बसलेली बाई म्हणाली, ‘‘सकाळींच सोंपले. फुडल्या बिरेस्तारा बेगीन यात. मागीर बसात होडयेंत.’’