मग वय आहे तरी कधी?



डिसेंबर २०२४ मध्ये मी दोन दिवसांची रजा टाकून ग्वाल्हेरहून गुरुग्रामला गेलो होतो. ब्रायन अ‍ॅडम्स या कॅनडाच्या रॉक गायकाचा कार्यक्रम ऐकायला. परतल्यावर एका ज्येष्ठ विश्वस्तांनी प्रेमाने, पण सर्वांसमोर विचारले, "सर, पंचावन्न झालं ना तुम्हाला? आता हे उड्या मारायचं वय आहे का?" सगळे हसले, मीही हसलो. आज त्या प्रश्नाचे उत्तर देत आहे, कारण तो आता माझ्यापुरता राहिलेला नाही.

मागच्या पालक सभेत अशी सूचना आली की दहावीच्या मुलांचा गिटार आणि ड्रमचा वर्ग पूर्ण बंद करावा. कारण काय, तर "हे काय गिटार वाजवायचं वय आहे?" म्हणजे पंधराव्या वर्षी वय नाही आणि पंचावन्नाव्या वर्षीही वय नाही. मग वय आहे तरी कधी?

माझे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमात झाले. अकरावीत असताना मामेभावाने ब्रायन अ‍ॅडम्सच्या १९८४ सालच्या 'रेकलेस' या अल्बमची कॅसेट दिली. शब्द एकही कळेना, ठेका मात्र पहिल्याच दिवशी कळला. मग शब्दकोश घेऊन बसलो. कॅसेट मागे-पुढे करून एकेक ओळ वहीत उतरवली. इंग्रजीची माझी भीती वर्गात गेली नाही, त्या वहीत गेली. पुढे नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे यांत कॅसेट माळ्यावर गेली, पण आवड गेली नाही. गुरुग्रामला मंचावर गाणारा तो गायक स्वतः पासष्ट वर्षांचा होता. त्याला कोणी वय विचारले नाही, मग ऐकणाऱ्यालाच का विचारावे?

आपले ग्वाल्हेर तर गाण्याचे गाव. २०२३ मध्ये युनेस्कोने त्याला 'संगीत नगरी' म्हणून मान दिला. मी गुरुग्रामला गेलो त्याच महिन्यात इथे तानसेन समारोहाचे शंभरावे पर्व झाले. तिथे पुढच्या रांगांत पिकलेल्या केसांची मंडळी पहाटेपर्यंत माना डोलवतात आणि आपण त्यांना आदराने 'रसिक' म्हणतो. रॉक ऐकत मान हलवणारा पन्नाशीचा माणूस मात्र आपल्याला हास्यास्पद वाटतो. हा न्याय कुठला?

कोणी म्हणेल, रॉक हे तरुणांचे संगीत आहे. होते खरे. पण ते तरुणही म्हातारे झाले आणि गातच राहिले. रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर १९४३ चा. २०२४ चा अमेरिकेचा दौरा त्याने ऐंशीव्या वर्षी केला. ऑझी ऑस्बर्नला पार्किन्सनचा आजार होता. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅम या आपल्या गावी त्याने शेवटचा कार्यक्रम खुर्चीत बसून केला आणि त्याच महिन्यात, शहात्तराव्या वर्षी, तो गेला. आपल्याकडे दिल्लीचा 'इंडियन ओशन' हा वाद्यवृंद १९९० पासून वाजवतो आहे. त्यांचे 'माँ रेवा' तर आपल्या नर्मदेचेच गाणे. हे सगळे परक्यांचे आहे, असेही म्हणता येणार नाही.

वयाचे काही देणे असते, ते मी नाकारत नाही. तीन तास उभे राहिल्यावर गुडघ्यांनी मला वय सांगितलेच. कानांचेही तसेच. अशा कार्यक्रमात आवाजाची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले आहे. मी कानात बोळे घालून उभा होतो आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही घालावेत. कान तरुण असले तरी एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

आम्हा जुन्या शौकिनांचा एक दोषही कबूल करतो. "आमच्या काळची गाणी तीच खरी," असे आम्ही म्हणतो आणि तिथेच खरे म्हातारे होतो. बारावीच्या एका विद्यार्थ्याने मला नव्या गाण्यांची यादी दिली होती. दहांपैकी सहा मला झेपली नाहीत, चार मनापासून आवडली. त्या चार गाण्यांवर आम्ही जेवढे बोललो, तेवढे प्राचार्यांच्या खोलीत तो विद्यार्थी तीन वर्षांत बोलला नव्हता.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. दहावीच्या मुलांचा वर्ग कमी करू, आठवड्यातून एकच तास ठेवू, पूर्वपरीक्षेच्या महिन्यात तोही थांबवू. पण बंद करू नये. पंधराव्या वर्षी जे हातातून काढून घेतले जाते, ते पुढे सहसा सापडत नाही. मला सापडले, कारण माझी कॅसेट कोणी फेकली नव्हती.

आणि ज्यांनी मला तो प्रश्न विचारला, त्या आदरणीय विश्वस्तांना स्नेहसंमेलनाचे आग्रहाचे निमंत्रण. मुलांचा वाद्यवृंद वाजवणार आहे. पहिल्या रांगेतली खुर्ची आपल्यासाठी राखून ठेवतो. कानात घालायला कापूसही देईन. उड्या मारण्याची मात्र सक्ती नाही.

आपला,
प्राचार्य